लोककलावंताला पाठिंबा द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? धाराशिवच्या गोंधळी-आराध्यांकडून समजून घ्या

नवरात्र आलं की तुळजापूरचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. संबळाचा कडकडाट, पेटलेला पोत, आराध्यांची गाणी. लाखो लोक ते पाहतात, "अंगावर काटा आला" अशी कमेंट करतात आणि पुढे पाठवतात. त्या व्हिडिओत संबळ वाजवणाऱ्याचं नाव काय, तो कोणत्या गावचा, त्या व्हिडिओतून त्याला काही मिळालं का, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

कलावंताला पाठिंबा देण्याची इच्छा अनेकांना असते. नेमकं काय केलं म्हणजे त्याला उपयोग होईल, हे ठाऊक नसतं. या लेखात धाराशिव जिल्ह्यातल्या लोककलावंतांचं उदाहरण घेऊन तेच पाहू. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. तुम्ही जे काही कराल त्यातून कलावंताला तीनपैकी एक तरी गोष्ट मिळायला हवी: नाव, दाम किंवा पुढची सुपारी. तिन्हींपैकी काहीच मिळत नसेल, तर ते कौतुक झालं, पाठिंबा नव्हे.

स्वतंत्र कलावंत म्हणजे कोण?

ज्याला महिन्याचा पगार नाही, ज्याच्यामागे कंपनी किंवा संस्था नाही आणि ज्याचं घर त्याच्या कलेवर, पूर्ण किंवा अर्धंमुर्धं, चालतं, तो स्वतंत्र कलावंत. शहरात असा माणूस म्हटला की चित्रकार, गिटारवादक किंवा स्टँडअप कॉमेडियन डोळ्यांसमोर येतो. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) तो गोंधळी असतो, आराधी असतो, वाघ्या-मुरळीच्या पार्टीतला गायक असतो, भजनी मंडळातला पखवाजवादक असतो, गावोगावी दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवणारा पेंटर असतो.

यातल्या गोंधळाची परंपरा तुळजाभवानीशी घट्ट जोडलेली आहे. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा सांगितल्या जातात. कदमराई तुळजाभवानीचे उपासक, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. गोंधळ एकट्याने होत नाही. मुख्य गोंधळी म्हणजे नाईक आख्यान सांगतो, जोडीला संबळ आणि तुणतुणं वाजवणारे असतात, झांजेची साथ असते आणि दिवटी पेटती असते. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालण्याची रीत मराठवाड्यात आजही अनेक घरांत पाळली जाते.

म्हणजे हा धार्मिक विधी आहे, रात्रभर चालणारा प्रयोग आहे आणि चार-पाच घरांचा रोजगारही आहे. पाठिंब्याचा विचार करताना यातली तिसरी बाजूच सर्वात आधी विसरली जाते.

वर्षभराचं गणित कसं असतं?

गोंधळ्याचं उत्पन्न पंचांगावर चालतं. लग्नसराईत कामं मिळतात. तुळजापूरला आश्विनातलं शारदीय नवरात्र, त्यानंतरची कोजागरी पौर्णिमा, पौषातलं शाकंभरी नवरात्र आणि चैत्र पौर्णिमा हे गर्दीचे दिवस. चैत्र पौर्णिमेलाच कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. आराध्यांचे मेळे आणि गाणी तिथेही असतात.

उरलेले महिने मात्र कोरडे जातात. आषाढापासून नवरात्रापर्यंत लग्नं जवळपास बंद असतात. या काळात अनेक कलावंत शेतमजुरी किंवा दुसरं मिळेल ते काम करतात.

आता एका कामाचे पैसे कसे वाटले जातात ते पाहा. हा हिशोब केवळ समजण्यासाठी आहे. समजा, एका गोंधळाची बिदागी १२,००० रुपये ठरली. पार्टीत पाच जण आहेत. गाडी-डिझेलला ३,००० गेले. उरलेल्या ९,००० चे पाच वाटे केले तर प्रत्येकी १,८०० रुपये. त्यासाठी दुपारी घर सोडायचं, रात्रभर जागायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं. यजमानाने "जरा कमी करा" म्हणत २,००० तोडले, तर गाडीचा खर्च कमी होत नाही. तो तोटा थेट माणसांच्या वाट्यातून जातो आणि प्रत्येकाच्या हातात १,४०० रुपये पडतात.

सगळा हंगामच बुडाला तर काय होतं, हे कोरोनाकाळात दिसलं. जानेवारी २०२० मध्ये याच शहरात ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थाटात पार पडलं. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये ९७ वं नाट्यसंमेलनही इथेच झालं होतं. साहित्य संमेलनानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली. मंदिरं बंद, यात्रा बंद, लग्नं मोजक्या माणसांत. राज्यातली धार्मिक स्थळं नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला पुन्हा खुली झाली. २०२१ मध्ये राज्य सरकारने गरजू कलावंतांसाठी एकरकमी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. हंगामच्या हंगाम बुडालेल्या घराला ती किती दिवस पुरली असेल, याचा अंदाज वरच्या हिशोबावरून येईल.

पहिली गोष्ट: नाव

छगन चौगुले यांचं मे २०२० मध्ये निधन झालं. जागरण-गोंधळाच्या परंपरेतून आलेल्या या गायकाचा आवाज कॅसेटच्या काळात महाराष्ट्रभर पोचला. खंडोबा आणि बानूच्या लग्नाचं त्यांनी गायलेलं गाणं आजही वरातीत वाजतं. त्यावर नाचणाऱ्या किती जणांना गायकाचं नाव सांगता येईल? आवाज घरोघरी पोचला म्हणजे नावही पोचतंच असं नाही.

सोशल मीडियावर तर हे आणखी सहज घडतं. इन्स्टाग्रामवर तुम्ही एखाद्या आराध्याचं गाणं रील म्हणून टाकलं, तर तो आवाज "ओरिजिनल ऑडिओ" म्हणून तुमच्या खात्याच्या नावावर नोंदला जातो. पुढे हजार जणांनी त्यावर रील केली तरी प्रत्येक ठिकाणी नाव तुमचंच दिसतं. तुमच्या मनात काही वाईट नसतं, पण गाणाऱ्याचं नाव पुसलं जातं ते तिथेच.

हे टाळायला फार काही लागत नाही:

• कलावंताचं किंवा त्याच्या मुलाबाळांपैकी कुणाचं खातं असेल, तर व्हिडिओ आधी त्यांच्या खात्यावरून जाऊ द्या. तुम्ही "कोलॅब" म्हणून जोडले जा. मग एकच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते आणि नवे फॉलोअर त्यांनाही मिळतात.

• खातं नसेल तर नाव, कला आणि गाव या तीन गोष्टी व्हिडिओवरच लिहा. कॅप्शनमध्ये लिहिलेलं नाव व्हिडिओ डाउनलोड होऊन व्हॉट्सॲपवर फिरू लागला की गळून पडतं. चित्रावर लिहिलेलं सोबत जातं.

• शक्य असेल तिथे संबळवाला, तुणतुणेवाला, झांजवाला अशा सगळ्यांची नावं घ्या. "आणि पार्टी" या दोन शब्दांत चार माणसं गायब होतात.

• "एक गरीब कलाकार", "रस्त्यावरचा हिरा" असले मथळे टाळा. ज्याच्या घरात चार पिढ्या संबळ आहे तो कुणाला रस्त्यावर सापडलेला नसतो.

नावाचा आणखी एक उपयोग: म्हातारपणचं मानधन

नाव छापून येणं ही फक्त मानाची बाब नाही. त्यावर पैसेही अवलंबून असतात.

राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देतं. पूर्वी "वृद्ध कलावंत मानधन" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेला आता राजर्षी शाहू महाराज यांचं नाव आहे. एप्रिल २०२४ पासून सर्व पात्र कलावंतांना सरसकट ५,००० रुपये महिना असं मानधन ठरलं. मुख्य अटी अशा: वय किमान ५० वर्षं (दिव्यांगांसाठी ४०), कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं काम, आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा पंचायत समितीत चौकशी करावी.

आधार कार्ड, वयाचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं धावपळ करून मिळतात. अडतं ते "१५ वर्षं कला सादर केल्याचा पुरावा" इथे. ज्याने तीस वर्षं लोकांच्या अंगणात गोंधळ घातला, त्याच्याकडे एकही पत्रिका नसते, कात्रण नसतं, प्रमाणपत्र नसतं. कला खरी असते, कागद नसतो.

म्हणून कार्यक्रम लहान असला तरी यजमानाने तीन कामं करावीत. निमंत्रणपत्रिकेवर पार्टीचं आणि नाईकाचं पूर्ण नाव छापावं. कार्यक्रमानंतर तारीख, ठिकाण आणि सही असलेलं आभारपत्र द्यावं. ग्रामपंचायत, शाळा, गणेश मंडळ किंवा नवरात्र मंडळ असेल तर ते लेटरहेडवर, शिक्क्यासह द्यावं. आणि स्थानिक वर्तमानपत्रात बातमी दिली तर तिचं कात्रण कलावंताच्या हातात पोचवावं. या कागदांना खर्च जवळपास शून्य आहे. अर्जाच्या वेळी मात्र त्यांचीच गरज पडते.

तुमच्या ओळखीत असा ज्येष्ठ कलावंत असेल, तर त्याची फाईल तयार करून देणं ही मोठी मदत आहे. जुने फोटो, पत्रिका आणि ढाली एकत्र करा, वर्षवार लावा, झेरॉक्स काढा, अर्ज भरायला सोबत जा. मानधन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची आठवणही ठेवा.

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाचीही ६० वर्षांवरील गरजू कलावंतांसाठी योजना आहे. तिच्यात दरमहा ६,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते.

दुसरी गोष्ट: दाम

गोंधळ, जागरण, तमाशा या सगळ्या व्यवसायांत पैशाचे शब्द ठरलेले आहेत. काम ठरलं की सुपारी, आगाऊ रक्कम म्हणजे इसार, आणि कामाचा मोबदला म्हणजे बिदागी. या शब्दांमागे एक शिस्त होती. इसार घेतला की पार्टी दुसरीकडे जात नसे, आणि इसार दिला की यजमान फिरत नसे. फोनवर काम ठरू लागल्यापासून बोलणी सोपी झाली, पण इसार मागे पडला. मग आदल्या दिवशी "कार्यक्रम रद्द" असा मेसेज येतो आणि पार्टीचा तो दिवस फुकट जातो.

तुम्ही यजमान असाल तर एवढं पाळा:

• तारीख ठरली की त्याच दिवशी इसार द्या. व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ, ठिकाण, एकूण रक्कम आणि दिलेला इसार लिहून पाठवा. हाच तुमचा करार.

• गाडीखर्च बिदागीत धरायचा की वेगळा, हे आधीच बोला.

• उरलेली रक्कम कार्यक्रम संपल्यावर लगेच, जागेवरच द्या. पहाटे चार वाजता दमलेल्या माणसाला "उद्या फोन करा" म्हणू नका.

• जेवण, चहापाणी, कपडे बदलायला आडोसा आणि स्त्री कलावंत असतील तर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह यांची सोय करा.

• ओवाळणी किंवा आरतीत पडलेले पैसे बिदागीत वळते करू नका. तो पार्टीचा वेगळा हक्क आहे.

संस्था, कॉलेज किंवा कंपनीने बोलावलं असेल तर मोठ्या रकमेतून टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन नसेल तर तो जास्त दराने कापला जातो. उत्पन्न करपात्र नसलेल्या कलावंताला विवरणपत्र भरून ही रक्कम परत मागता येते. अनेकांना हे माहीत नसतं आणि पैसे तसेच राहून जातात. आयोजकांनी टीडीएसचं प्रमाणपत्र स्वतःहून द्यावं आणि ओळखीतल्या कर सल्लागाराशी गाठ घालून द्यावी.

"तुम्हाला प्रसिद्धी मिळेल, म्हणून मानधन नाही" हा प्रस्ताव कुणी दिला, तर मांडववाल्याला, साउंडवाल्याला आणि आचाऱ्यालाही प्रसिद्धीवरच बोलावलं आहे का, एवढं विचारावं.

ऑनलाइन पैसे पाठवताना

व्हिडिओ पाहून थेट मदत करावीशी वाटली, तर यूपीआय सोपं आहे. पण इथे फसवणूकही सोपी आहे. कुणीतरी कलावंताचा व्हिडिओ उचलतो, त्यावर स्वतःचा क्यूआर कोड चिकटवतो आणि पैसे त्याच्या खात्यात जातात. म्हणून कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा. ते कलावंताचं किंवा त्याच्या घरच्यांचं आहे का, याची खात्री झाल्याशिवाय पिन टाकू नका. तुम्ही स्वतः कोड टाकणार असाल तर कलावंताची परवानगी घ्या आणि कोड त्याच्याच बँक खात्याचा ठेवा. मध्ये तुमचं खातं आणलं की हिशोबाचे प्रश्न सुरू होतात, हेतू कितीही चांगला असो.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. त्यामुळे तुमच्या आवडत्या गायकाचा स्वतःचा चॅनेल असेल, तर दुसऱ्याने चढवलेली कॉपी न पाहता मूळ व्हिडिओ पाहा. पूर्ण पाहा आणि तीच लिंक पुढे पाठवा. डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर टाकलेल्या व्हिडिओचा एकही तास त्याच्या खात्यात जमा होत नाही.

कायदा काय सांगतो?

परंपरेने चालत आलेलं गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. मग ते कुणीही रेकॉर्ड करून विकावं का? इथे अनेकांचा गोंधळ होतो.

गाणं पारंपरिक असलं तरी त्या रात्री, त्या माणसाने, त्या आवाजात केलेलं सादरीकरण त्याचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात "सादरकर्त्याचा हक्क" स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. सादरकर्ता म्हणजे कोण, हे सांगताना कायदा गायक, वादक, नर्तक आणि नट यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचाही उल्लेख करतो. म्हणजे गोंधळी आणि आराधी त्यात येतात का, ही शंका उरत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. आपल्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर मोबदल्याचा हक्क. आणि सादरकर्ता म्हणून आपलं नाव लावलं जाण्याचा, तसंच आपल्या सादरीकरणाची मोडतोड होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क. खासगी वापर, शिकवणं आणि बातमीसाठी थोडा भाग वापरणं यांना सवलत आहे.

सामान्य प्रेक्षकाने यातून काय घ्यावं? घरी आठवण म्हणून चित्रीकरण करणं वेगळं, आणि तेच चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे मिळवणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत आधी परवानगी घ्या आणि वाटा ठरवा. कुणी परवानगीशिवाय व्हिडिओ चढवल्याचं दिसलं, तर कलावंताला लिंक कळवा. कॉपीराइटची तक्रार हक्कधारकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच करायची असते. तुम्ही परस्पर करून उपयोग नाही, पण अर्ज भरायला त्याला मदत करू शकता.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुढची आहे. गोंधळ आणि आराध हा आधी विधी आहे. देवीसमोरचा काही भाग किंवा कुणाच्या अंगात आलेलं असतानाचा क्षण चित्रित करायचा की नाही, हे कॅमेरा धरणाऱ्याने ठरवायचं नसतं. नको म्हटलं की मोबाइल खाली. तसंच देवाच्या नावाने मुलं सोडण्यासारख्या प्रथांना "परंपरा" म्हणून मिरवू नये. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे. कलेला पाठिंबा देताना शोषणाला पाठिंबा देण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट: पुढची सुपारी

एकदा दिलेली मदत संपते. पुढचं काम मिळालं तर घर चालतं. म्हणून तिन्हींत सर्वात मोलाची मदत ही आहे.

यासाठी महाराष्ट्रातल्याच दोन जागांकडे पाहता येईल. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, फड पाहतात, दर ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. कलावंत कुठे भेटेल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर गावोगावची मंडळं नाटक ठरवतात आणि गावकरी तिकीट काढून रात्रभर ते पाहतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तिथली रंगभूमी टिकली ती पुरस्कारांवर नव्हे, तिकिटावर.

याची दुसरी बाजू विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्यात दिसते. त्यांना दोन वेळा राष्ट्रपती पदक मिळालं, १९५७ आणि १९९० मध्ये. तरीही या तमाशासम्राज्ञीची अखेरची वर्षं पैशाच्या चणचणीत गेली. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान मोठा असला तरी तो नियमित मिळकतीची जागा घेत नाही.

धाराशिवच्या पार्टीला पुढची सुपारी मिळावी म्हणून तुम्ही काय करू शकता?

• पार्टीची सापडण्यासारखी नोंद करून द्या. गूगल मॅप्सवर आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर पार्टीचं नाव, गाव, कार्यक्रमाचे प्रकार आणि दोन चांगले व्हिडिओ टाका. फोन नंबर मात्र विचारूनच द्या.

• दोन-तीन मिनिटांचा एक स्वच्छ नमुना व्हिडिओ करून द्या. आवाज स्पष्ट आणि चेहरे दिसतील असा. मोबाइल आडवा धरा, संबळापासून जरा दूर उभे राहा, नाहीतर आवाज फाटतो. यजमानाला पाठवायला पार्टीकडे असा एक व्हिडिओ असला की निम्मी बोलणी तिथेच होतात.

• पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी घरच्या लग्नाच्या गोंधळासाठी गावाकडची पार्टी सांगावी. चार घरांनी मिळून लागोपाठच्या तारखा दिल्या तर गाडीखर्च वाटला जातो.

• कोरड्या महिन्यांत काम द्या. शाळेत संबळाचं प्रात्यक्षिक, कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग. ही कामं पावसाळ्यात ठेवता येतात आणि तेव्हाच्या २,००० रुपयांची किंमत लग्नसराईतल्या रकमेपेक्षा जास्त असते.

• केंद्र सरकारच्या सांस्कृतिक केंद्रांचे पत्ते पोचवा. महाराष्ट्र नागपूरच्या दक्षिण मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राशी जोडलेला आहे. त्यांच्या महोत्सवांत लोककलावंतांना मानधनावर बोलावलं जातं.

हातांनी घडवणाऱ्यांचं काय?

संत गोरा कुंभारांचं तेर याच जिल्ह्यातलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती जपलेल्या आहेत. कुंभार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे यांच्यासाठी पाठिंब्याची रीत थोडी वेगळी आहे. इथे घासाघीस न करता विकत घेणं, वस्तूसोबत करणाऱ्याचं नाव सांगणं आणि दुसरी ऑर्डर देणं हाच प्रचार. गणपती, दिवाळीच्या पणत्या किंवा संक्रांतीची सुगडं हवी असतील तर महिना-दोन महिने आधी सांगून आगाऊ रक्कम द्या. माती, जळण आणि रंग आणायला त्यांना पैसा तेव्हाच लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी येतात. कुंभार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे आणि खेळणी बनवणारे त्यात आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. वादक आणि गायक या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी हा एक मार्ग आहे. १६ ते ५९ वयाच्या व्यक्तीला ती विनामूल्य करता येते.

आजच करता येण्यासारखं एक काम

तुमच्या मोबाइलमध्ये गेल्या वर्षीच्या लग्नातला, यात्रेतला किंवा नवरात्रातला एखादा व्हिडिओ नक्की असेल. तो उघडा. संबळ वाजवणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर ज्यांच्या घरी कार्यक्रम होता त्यांना फोन करून विचारा. नाव आणि गाव व्हिडिओवर लिहा, पार्टीला तो पाठवा आणि त्यांची हरकत नसेल तरच पोस्ट करा. पुढच्या लग्नात कुणी "गोंधळाला कुणाला सांगायचं?" असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर तयार असेल.